पसंतीक्रमाचा कागद

लोणावळ्याहून सुटणारी लोकल मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, देहूरोड करीत पुणे स्टेशनात येते, आणि स्टेशनाबाहेर पडून थोडे चालले की ससून रुग्णालय लागते. मावळातल्या आमच्या लोकांना ही वाट पाठ आहे. अडलेली बाळंतीण, साप चावलेला गुराखी, भिंत अंगावर पडलेला मजूर, सगळ्यांना याच वाटेने नेले. 1867 साली सुरू झालेले ते रुग्णालय आम्ही पिढ्यान्‌पिढ्या रोग्याचे नातेवाईक म्हणून पाहिले. त्याला जोडून 1946 सालापासून बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथे माणसे डॉक्टर होतात, हे आमच्यापैकी कित्येकांना तिथल्या व्हरांड्यात रात्री काढूनही सुचले नव्हते.

आता सुचू लागले आहे. दरवर्षी आमच्या तालुक्यातली चार-दोन दलित मुले ‘नीट’ची परीक्षा देतात, त्यांतली एखाददुसरी बऱ्या क्रमांकाने येते. निकालानंतर वस्तीत पेढे वाटले जातात, बॅनर लागतो. पण निकाल आणि प्रवेश यांच्यामध्ये एक कागद असतो. कोणत्या महाविद्यालयांसाठी अर्ज करायचा आणि कोणत्या क्रमाने, हे त्या कागदावर लिहावे लागते. त्याला पसंतीक्रम म्हणतात. आमच्या चळवळीने आरक्षणावर मोर्चे काढले, शिष्यवृत्तीसाठी उपोषणे केली. या कागदाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. माझ्या मते आमच्या अनेक जागा तिथेच गळतात, आणि त्या गळतीला बाहेरचे कोणी जबाबदार नसते. म्हणून हा लेख.

मी स्वतः या कागदावर नापास झालेला माणूस आहे. बारावी झालो तेव्हा ‘नीट’ नव्हती, राज्याची सीईटी होती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलेले नव्हते. मी यादीत तीन नावे लिहिली, एक पुण्याचे आणि दोन मुंबईची. वडिलांचे म्हणणे होते की मुलगा रात्री घरी आला पाहिजे किंवा निदान गाडीच्या टप्प्यात असला पाहिजे. तिन्ही ठिकाणी जागा मिळाली नाही. माझ्यापेक्षा कमी गुणांचा एक मुलगा त्या वर्षी सोलापूरला लागला; आज तो तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. मी बी.एस्सी.ला गेलो आणि प्राणिशास्त्र शिकवणारा झालो. याचे मला दुःख नाही, शिकवणे मला आवडते. परंतु माझ्या हातून गेलेली जागा माझ्या गुणांनी गेली नव्हती, कोऱ्या सोडलेल्या ओळींनी गेली होती, हे मला फार उशिरा कळले.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पसंतीक्रमाविषयी वस्तीत एक समजूत घट्ट बसलेली आहे: मोठ्या महाविद्यालयाचे नाव वर लिहिले आणि ते मिळाले नाही, तर खालचेही हातचे जाते. म्हणून ‘मिळण्यासारखे’ नाव वर लिहा, असा सल्ला सायबर कॅफेवाल्यापासून नातलगांपर्यंत सगळे देतात. हा सल्ला सपशेल चुकीचा आहे. राज्यातल्या पात्र विद्यार्थ्यांची ‘नीट’च्या गुणांवर एक गुणवत्ता यादी लागते. संगणक त्या यादीतल्या पहिल्या विद्यार्थ्याचा पसंतीक्रम वरून वाचतो आणि पहिली रिकामी जागा दिसेल तिथे त्याला बसवतो. मग दुसरा, मग तिसरा. तुमच्या मुलीचा क्रमांक येईपर्यंत तिची यादी उघडलीच जात नाही. क्रमांक आला की तिचे पहिले नाव पाहतात. तिथे तिला मिळू शकणारी जागा संपली असेल तर दुसरे, तिसरे, सव्विसावे. पहिल्या नावाला जागा नव्हती म्हणून सव्विसाव्या नावावरचा तिचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तेच सव्विसावे नाव तिच्या मागच्या क्रमांकाच्या मुलाने आपल्या यादीत पहिले लिहिले असले, तरी तो तिच्या मागेच राहतो.

याचा अर्थ सरळ आहे. यादी इच्छेच्या क्रमाने लिहायची, अंदाजाच्या क्रमाने लिहायची नाही. आणि ती लांब लिहायची. वर मोठे नाव लिहिण्याला दंड नाही. दंड आहे तो दोन गोष्टींना: लवकर थांबण्याला, आणि जिथे जाणे परवडणारच नाही असे नाव लिहिण्याला. कारण लिहिलेले नाव पदरात पडू शकते, आणि मिळालेली जागा कोणत्या फेरीत सोडता येते व कोणत्या फेरीत सोडल्यास पुढची दारे बंद होतात, याचे नियम असतात. ते नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचावेत, गेल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर जाऊ नये. आणखी एक: जागा घेऊन पुढच्या फेरीत वरच्या नावासाठी थांबता येते, पण वरचे मिळाले की खालची जागा आपोआप जाते. आहे तिथेच राहायचे असेल तर तसे लेखी कळवावे लागते.

दलित कुटुंबात ही यादी छोटी आणि खालच्या नावापासून का लिहिली जाते, याचा विचार केला पाहिजे. अज्ञान हे एक कारण आहेच. पण त्याहून मोठे कारण म्हणजे मागण्याची भीती. ज्यांच्या आजोबांनी वाड्याच्या पायरीखाली उभे राहून भाकरी मागितली, त्यांच्या नातवाला सरकारी यंत्रापुढेही आधी कमी मागावेसे वाटते. या संदर्भात मला मद्रासचा खटला आठवतो. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण बाईंनी 1950 साली मद्रास उच्च न्यायालयात तक्रार केली की, जातवार जागावाटपामुळे आपल्याला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळणार नाही. त्यांनी प्रवेशासाठी अर्जच केलेला नव्हता. चौकशीत कळले की मिळणार नाही, एवढ्यावर त्या न्यायालयात गेल्या. न्यायालयाने ऐकून घेतले, 1951 साली सर्वोच्च न्यायालयात त्या जिंकल्या, आणि मग घटनेत पहिली दुरुस्ती होऊन कलम 15 मध्ये चौथे पोटकलम आले, ज्याच्या आधारावर आपल्या शिक्षणातल्या राखीव जागा उभ्या आहेत. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. अर्ज न करताही जागेवर हक्क सांगण्याचा तो आत्मविश्वास एकीकडे, आणि पात्र असूनही नाव लिहायला कचरणारी आमची मुले दुसरीकडे. आमच्या मुलांच्या न लिहिलेल्या नावांची नोंद कोणत्याही न्यायालयात होत नाही.

आता थोडा हिशेब. शासकीय महाविद्यालयातल्या 100 जागांपैकी 15 अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या 85 वर राज्याचे आरक्षण लागते. अनुसूचित जातींना 13 टक्के म्हणजे सुमारे 11 जागा. बी. जे.सारख्या 250 जागांच्या महाविद्यालयात त्या सत्तावीस-अठ्ठावीस होतात. पण ही संख्या म्हणजे कमाल मर्यादा नव्हे. ज्याचा क्रमांक खुल्या यादीत बसतो तो दलित विद्यार्थी खुल्या जागेचाही मालक असतो. रितेश साह यांच्या खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असा विद्यार्थी राखीव जागांच्या हिशेबात धरू नये, आणि तरीही प्रवर्गातून अधिक चांगले महाविद्यालय मिळत असेल तर ते निवडण्याची मुभा त्याला असावी. म्हणून अर्जात प्रवर्गाचा रकाना संकोचाने कोरा ठेवणाऱ्या मुलांना मी रागावतो. असा संकोच शहरातल्या आमच्याच नोकरदार घरांतून अलीकडे वाढला आहे.

गुणांच्या बाबतीतही फसगत होते. गेल्या वर्षी अमक्या गुणांना अमके महाविद्यालय मिळाले, म्हणून यंदाही मिळेल, असे धरून चालत नाही. 2024 साली 720 पैकी 720 गुण मिळवणारे अनेक होते. 2025 साली प्रश्नपत्रिका अवघड गेली आणि देशात पहिल्या आलेल्याला 686 गुण होते. तेव्हा तुलना गुणांची करायची नाही, गुणवत्ता यादीतल्या क्रमांकाची करायची. 2025 साली पात्रतेची किमान रेषा खुल्या प्रवर्गाला 144 आणि अनुसूचित जातींना 113 होती. या 113 चा आकडा दाखवून आमच्या मुलांना हिणवणारे प्राध्यापक मला स्टाफरूममध्ये भेटतात. त्यांना हे ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून सांगायचे नसते, की ती रेषा फक्त रांगेत उभे राहण्याची आहे. शासकीय महाविद्यालयातली अनुसूचित जातीची शेवटची जागा तिच्या कितीतरी वर संपते.

मग नावे कोणती लिहायची? 2020 पर्यंत महाराष्ट्रात विभागवार 70:30 चे वाटप होते, त्यामुळे मावळातल्या मुलाला विदर्भ-मराठवाड्यातल्या बहुतेक जागा जवळपास बंद होत्या. सप्टेंबर 2020 मध्ये ते रद्द झाले. आता सारे राज्य एका यादीत आहे: पुण्यात लातूर-नांदेडची मुले येणार आणि आपल्याला गोंदिया-चंद्रपूरपर्यंत जाण्याची तयारी हवी. मी मुलांना नकाशा पुढे ठेवायला सांगतो. आधी मोठी, जुनी रुग्णालये असलेली महाविद्यालये: पुण्याचे बी. जे., मुंबईचे 1845 चे ग्रँट, नायर, केईएमचे सेठ जी. एस., सायन, नागपूरची दोन, औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, मिरज, सोलापूर. वैद्यकीय शिक्षण खाटेशेजारी उभे राहून होते. जिथे रोगी जास्त, तिथे हात लवकर बसतो. त्यानंतर अंबाजोगाई, नांदेड, यवतमाळ, धुळे, कोल्हापूर, अकोला, लातूर. मग अलीकडची: बारामती 2019 सालचे, अलिबाग आणि सातारा 2021 ची. अलिबाग तर खंडाळ्याचा घाट उतरून खोपोली-पेणवरून जाता येण्यासारखे आहे, आणि तरी आमच्याकडे ते कोणाच्या डोक्यात येत नाही, कारण आमचे डोके पुण्याकडे तोंड करून बसले आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात एकदम दहा नवी शासकीय महाविद्यालये सुरू झाली: नाशिक, जालना, गडचिरोली, वाशिम, हिंगोली आणि इतर. नव्या ठिकाणी अध्यापक किती आहेत, वसतिगृह उभे राहिले आहे का, हे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारून घ्यावे. पण पदवी तीच मिळते. नवे आहे म्हणून यादीतून गाळू नये, फार तर खाली ठेवावे.

पालक हमखास विचारतात की, तळेगावला आपल्याच तालुक्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते पहिले का लिहू नये? तळेगाव दाभाडेचे ‘मायमर’ 1995 पासून आहे आणि मावळातले कित्येक रोगी तिथे उपचार घेतात. ते खाजगी विनाअनुदानित आहे. अशा महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते वर्षाला लाखांत असते. शासनाच्या प्रवेश फेरीतून अनुसूचित जातीच्या जागेवर प्रवेश घेतला तर शिक्षणशुल्काची प्रतिपूर्ती होते, मात्र खाजगी महाविद्यालयांत राखीव जागांचे प्रमाण शासकीयपेक्षा कमी आहे आणि संस्थास्तरावरच्या जागांना ही सवलत लागू नाही. म्हणून शासकीय नावे सगळी संपल्यावर, पूर्ण हिशेब करून, फेरीतून मिळणारी खाजगी नावे लिहावीत. घरापासूनचे अंतर हा त्या हिशेबातला एक आकडा आहे, पण तो पहिला नव्हे. सहा किलोमीटरवरचे महाविद्यालय सहाशे किलोमीटरवरच्यापेक्षा महाग पडू शकते.

अभिमत विद्यापीठांची गोष्ट वेगळीच. त्यांच्या जागा दिल्लीच्या समितीमार्फत भरल्या जातात, तिथे अनुसूचित जातींना आरक्षण नाही, वर्षाचे शुल्क वीस लाखांच्या आगेमागे किंवा त्याहूनही वर असते, आणि 2025 पर्यंत नुसत्या नोंदणीलाच दोन लाख अनामत ठेवावी लागत होती. त्यांच्या चकचकीत जाहिराती लोकलच्या डब्यातही दिसतात. आमच्यापैकी काही बापांनी त्या पाहून जमिनीचा तुकडा विकण्याची भाषा केली आहे. मावळात जमिनीला आज जो भाव आहे त्यामुळे हा मोह खरा आहे, आणि धोकाही खरा आहे. पवना धरणात आणि द्रुतगती मार्गात जमिनी गेल्यावर जे गुंठे उरले, ते एका वर्षाच्या शुल्कात संपतील.

अखिल भारतीय कोट्याचा अर्ज मात्र जरूर करावा. अनेकांना तो वेगळा भरायचा असतो हेच माहीत नसते. तिथे अनुसूचित जातींना 15 टक्के जागा आहेत, आणि त्या 2007 नंतरच मिळू लागल्या. आपल्याच राज्यातल्या शासकीय महाविद्यालयांच्या 15 टक्के जागा त्या कोट्यात असतात, तेव्हा तिथेही बी. जे. आणि मिरज लिहिता येते. इथे बौद्ध कुटुंबांनी एक काळजी घ्यायची. महाराष्ट्राने धर्मांतरित बौद्धांना सवलती आधीच दिल्या होत्या, केंद्राचे दार मात्र 1990 च्या दुरुस्तीने उघडले. केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्यावर मूळ जातीचे नाव लागते. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी जिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली त्या देहूरोडच्या विहारात लहानपणापासून गेलेल्या मुलीला, जे नाव आजोबांनी टाकून दिले ते दाखल्यावर मागावे लागते. तिला ते खुपते, आणि खुपावेच. पण दाखला काढावा, आणि वेळेवर काढावा. जात वैधता प्रमाणपत्राचेही तसेच. 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. धरणात गाव गेलेल्यांची कागदपत्रे विखुरलेली असतात. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, चुलत्याचे वैधता प्रमाणपत्र, हे अकरावीतच शोधायला लागावे. क्रमांक चांगला, यादी चांगली आणि वैधता नाही, यासारखी चीड आणणारी गोष्ट दुसरी नाही.

पैशाविषयी एवढेच सांगतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. त्यापुढे राज्याची शुल्कमाफी आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून पुण्या-मुंबईत वर्षाला साठ हजारांपर्यंत आणि लहान शहरांत त्याहून कमी रक्कम मिळते. हप्ते उशिरा येतात. पहिल्या सहा महिन्यांची खानावळ कोण भरणार, हे वस्तीतल्या नोकरदारांनी निकालाच्या आठवड्यातच ठरवावे. शासकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्यावर एक वर्ष शासनाची सेवा करावी लागते, हेही आधीच सांगून ठेवावे. आमच्या मुलांना ती सेवा जड जाऊ नये.

शेवटचा निकष माहितीपुस्तिकेत सापडत नाही. तिथे आपली मुले कशी राहतात? 2007 साली सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयी जो अहवाल दिला, त्यात वसतिगृहातल्या वेगळेपणाची आणि छळाची नोंद आहे. 2019 च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टर मुलीने आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. म्हणून कोणी मोठ्या महाविद्यालयाचे नाव खोडावे, असे मी म्हणत नाही. नाव खोडले तर छळणाऱ्यांचेच काम आपण करतो. पण तिथे आपली वरच्या वर्गातली मुले कोण आहेत, जयंती साजरी होते का, रात्री दोन वाजता फोन करावा असा माणूस कोण आहे, हे पहिल्या दिवसाआधी ठाऊक असावे. आमच्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक शासकीय महाविद्यालयातल्या एका-दोन मुलांचे फोन नंबर असलेली वही ठेवली, तर ती अनेक भाषणांपेक्षा कामाची होईल.

2025 साली लोणावळ्यातली एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. वडील एका बंगल्याची राखण करतात, आई चिक्कीच्या कारखान्यात पाकिटे भरते. जयभीम झाला, चहा झाला. मुलीने वहीत नऊ नावे लिहून आणली होती, सगळी लहान, आणि बी. जे. त्यात नव्हतेच. मी विचारले, तर वडील म्हणाले, “सर, मोठं नाव वर टाकलं आन्‌ न्हाई मिळालं, तर हाय ते बी जाईल. आपल्याला कोन देतंय पुनं?” मी त्यांना वर सांगितले तेच सगळे चहाच्या कपबश्या मांडून सांगितले. ते ऐकत होते, पटत नव्हते. शेवटी मुलीनेच पेन घेतले, वहीचे पान उलटले आणि वर पहिले नाव लिहिले. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही बसलो. बेचाळीस नावे झाली.

बी. जे. तिला मिळाले नाही. सातव्या ओळीवरचे मिरज मिळाले, जे जुन्या वहीत नव्हते. निकाल लागला त्या रात्री वडिलांचा फोन आला. ते आनंदाने काही बोलतील असे वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले, की मिरजेची गाडी लोणावळ्याला थांबते, का पुण्याला जाऊन धरावी लागते.